१७३ वर होतो आपण, तिथून बोलायला सुरुवात करा

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "कॉन्स्टंटाइनने असे काय दिवे लावले होते? मकाव आणि पोर्तो रिकोला हरवून रँकिंग फुगवलं आणि पळून गेला." त्यावर अंगठ्यांची रांग लागली. त्यात २०१८ ला अंधेरीच्या स्टेडियममध्ये घसा बसेपर्यंत ओरडणारेही होते. ग्रुपवर भांडायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे, म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

स्टीफन कॉन्स्टंटाइन जानेवारी २०१५ मध्ये दुसऱ्यांदा आपला, म्हणजे भारताच्या फुटबॉल संघाचा, कोच झाला. त्याआधीची दोन वर्षं आठवा. २०१३ च्या सॅफमध्ये, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत, नेपाळकडून हरलो, बांगलादेशशी कशीबशी बरोबरी केली आणि फायनलमध्ये अफगाणिस्तानने दोन गोल घालून घरी पाठवलं. मार्च २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत आपण १७३ वर गेलो. त्याच्याइतका खालचा आकडा भारताने आजवर पाहिलेला नाही. ज्यांना आज "रँकिंग फुगवलं" असं वाटतं, त्यांनी तेव्हा हा संघ बघणंच सोडलं होतं. लोक टीव्हीवर इंग्लंडची लीग बघायचे आणि भारताची मॅच कधी आहे हे पेपरात दुसऱ्या दिवशी कळायचं.

माझ्या काकांनीही सोडलं होतं. काका ऐन उमेदीत कंपनीच्या टीमकडून मुंबईची हारवूड लीग खेळलेले, लेफ्ट हाफ. कूपरेज मैदानाच्या चिखलात गुडघा गेला तेव्हा थांबले. नेपाळकडून हरल्यावर म्हणाले, "आता पुरे. मला या टीमचं नावही सांगू नका." आणि खरंच टीव्ही लावायचे नाहीत.

सप्टेंबर २०१६ मध्ये अंधेरीला पोर्तो रिकोची मॅच होती. मुंबईत तब्बल ६१ वर्षांनी भारताची आंतरराष्ट्रीय मॅच. मी काकांना अक्षरशः ओढत नेलं. आठव्या मिनिटाला आपल्यावर पेनल्टी, गोल. काका उठले, चपला चाचपायला लागले. मी हात धरून बसवलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: नारायण दास, छेत्री, जेजे, जॅकीचंद, ४-१. पण गोलांबद्दल काका एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "बघ गं, बॉल गेल्यावर एकाचाही हात कमरेवर नाही."

मी तोवर बॉलच्याच मागे होते. मग पाहायला लागले. बॉल गेला की सगळेच्या सगळे उलटे धावत होते. विंगर आपल्या बॅकच्या पुढ्यात येऊन उभा राहत होता. छेत्री, त्या वयात, सेंटर सर्कलपर्यंत मागे येऊन पाय घालत होता. कोणी हात वर करून दुसऱ्याला दोष देत नव्हतं. ३-१ ने पुढे असतानाही.

ही गोष्ट रँकिंगमध्ये दिसत नाही, आणि मला या माणसाबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे. हरायची सवय लागलेल्या संघाला त्याने मागे धावायला शिकवलं. फिटनेस हा आपल्याकडे ऐच्छिक विषय होता. त्याने तो सक्तीचा केला. स्पोर्ट्स सायंटिस्ट आणला, खाण्यापिण्याचं, झोपेचं बघायला लागला. नावाला बिचकला नाही आणि झिंगनपासून थापापर्यंत नवी मुलं एकामागून एक उतरवत गेला. गुरप्रीतसारखा उंच गोलकीपर असताना तो बाकावर का, हा प्रश्न त्याच्या काळात सुटला. पोर्तो रिकोविरुद्ध कर्णधारही गुरप्रीतच होता. आज ही नावं आपल्याला आपोआप उगवल्यासारखी वाटतात.

बरं, मकाव. हो, मकाव दुबळा संघ आहे. पण दुबळ्या संघांना हरवणं हेसुद्धा आपल्याला जमत नव्हतं, हे विसरलात का? त्याच कोचच्या पहिल्या वर्षात, जून २०१५ मध्ये, आपण गुआमकडून हरलो. ज्या बेटावर दोन लाख माणसंही राहत नाहीत त्या गुआमकडून! मीही तेव्हा शिव्याच घातल्या होत्या. त्या मॅचनंतर त्याला काढून टाकलं असतं तर कोणीही हूं की चूं केलं नसतं. ठेवला. नोव्हेंबरमध्ये बंगळुरूला त्याच गुआमला हरवलं. वर्ष संपताना सॅफ सुरू झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमला त्याच अफगाणिस्तानला, ज्यांनी आपल्याला काठमांडूत रडवलं होतं, जादा वेळेत २-१ ने हरवून कप घेतला.

आणि २०१९ च्या आशियाई कपाच्या पात्रता गटात फक्त मकाव होता का रे? मार्च २०१७, यांगून. म्यानमारला त्यांच्या घरात शेवटच्या मिनिटांत छेत्रीने गोल करून हरवलं, ६४ वर्षांनी. जूनमध्ये बंगळुरूला किर्गिझस्तान. जेजेने बचावफळीच्या डोक्यावरून अलगद टाकलेला तो बॉल आणि छेत्रीचा गोल. पुढच्याच महिन्यात ९६ वा क्रमांक, १९९६ नंतरचा सर्वोत्तम. सलग १३ सामने हरलो नाही. आणि हे १३ सामने ज्यांना "फुगवलेले" वाटतात त्यांनी मला आज सलग चार दाखवावेत. आज! मडगावात सिंगापूरविरुद्ध आधी गोल करून आपण १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई कपाचं दार बंद झालं. मग ढाक्याला जाऊन बांगलादेशकडून हरलो. दुबळ्यांना हरवून रँकिंग फुगवता येतं ना? मग फुगवा की.

हे लिहिताना परत हात थरथरायला लागलेत. पाणी पिऊन येते.

आले. तर, त्याच्याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे. खेळ सुंदर नव्हता. मागून उंच बॉल, पुढे जेजेने छातीवर घ्यायचा आणि दुसऱ्याने धावायचं. काका स्वतः वैतागायचे, "मधली माणसं काय नुसती आकाश बघायला ठेवलीत का?" म्हणायचे. काही सीनियर खेळाडूंशी त्याचं जमलं नाही, तेही मान्य. दर मॅचला कर्णधार बदलायचा खेळ मला कधीच कळला नाही. पण पासिंग शिकवायला आधी नव्वद मिनिटं उभे राहणारे पाय लागतात. ते पाय त्याने तयार केले. सुंदर खेळ हे पुढच्याचं काम होतं.

आणि पुढच्यांनी काय केलं? त्याच्यानंतरचा कोच इगोर स्टिमाच, त्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये दोह्यात कतारला, नुकत्याच आशिया जिंकलेल्या कतारला, ०-० रोखलं ती रात्र त्याची आहे. पण त्या रात्री बॉलपुढे अंग झोकणारे गुरप्रीत आणि झिंगन कोणाच्या हाताखाली घडले होते? तेव्हा मात्र सगळे म्हणाले, नवा कोच, नवा विचार. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आपण आशियाई कपात तीन मॅच हरलो, एकही गोल न करता. सुंदर पासिंगसकट.

आता २०१९ चा आशियाई कप. ६ जानेवारी, अबू धाबी, थायलंड. ४-१. त्या स्पर्धेत १९६४ नंतर आपण जिंकलेली पहिली मॅच. आमच्या घरी काका, मी, भाऊ आणि खाली राहणारी दोन पोरं होतो. थापाचा गोल आठवतो? उदांताने तिरका दिला आणि त्याने गोलकीपरवरून हलकेच उचलला. पोरं सोफ्यावर उड्या मारत होती. काका मात्र टीव्हीला नाक लावून बसलेले. शेवटची पाच मिनिटं राहिली, तीन गोलची आघाडी, आणि एका थाई मुलाने बॉल पळवला तेव्हा आपले तिघे त्याच्या मागे सुटले. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात कमरेवरून काढल्यासारखे करून दाखवले. मला आजही त्या ४-१ मधलं हेच पहिलं आठवतं. थायलंडने दुसऱ्या दिवशी आपला कोच काढला.

मग यूएई. ०-२ हा स्कोअर बघून कोणाला कळणार नाही की आपले दोन फटके गोलच्या बारवर आदळले होते.

आणि मग १४ जानेवारी, शारजा. बहरीन. बरोबरी पुरेशी होती. एक गुण. पहिल्या काही मिनिटांतच आपला बचावपटू अनस जखमी होऊन बाहेर. तरी नव्वद मिनिटं गोल होऊ दिला नाही. आणि नव्वदीनंतर पेनल्टी. मी ती पुन्हा कधीही पाहिलेली नाही, कोणी लिंक टाकली तर मी पुढे सरकते. गटात शेवटचे आलो. फक्त एक गुण कमी पडला. बरोबरीसाठी फार मागे गेलो, आणखी पुढे खेळायला हवं होतं, हे म्हणणारे बरोबर असतील. असोत.

पण कॉन्स्टंटाइन त्याच रात्री गेला, पत्रकार परिषदेतच, मॅच संपल्यावर लगेच राजीनामा. याचा राग मला आजही आहे आणि या एका बाबतीत ग्रुपवरच्या "पळून गेला"ला माझ्याकडे उत्तर नाही. मुलं आत ड्रेसिंग रूममध्ये रडत असणार आणि तू बाहेर सांगतोस की माझं काम झालं? चार वर्षं बांधलेली मुलं होती ती. काका म्हणाले, "जाऊ दे गं, थकला असेल." मला नाही पटलं. अजूनही नाही.

तरीसुद्धा पुढचे चार महिने आपल्याला कोचच नव्हता, याचा दोष त्याचा कसा? मे महिन्यात स्टिमाच आला. ज्यांच्या हातात भारतीय फुटबॉल आहे, त्यांनी ९७ वर असलेला संघ हातात असताना काय केलं? ऑगस्ट २०२२ मध्ये तर फिफाने आपल्यावर बंदीच घातली. अकरा दिवसांत उठली म्हणून सगळे विसरले. कोच शिव्या खातात, खुर्च्या जिथल्या तिथे राहतात. यावर तुम्हा सगळ्यांचं माझ्याशी एकमत आहे हे मला माहीत आहे, मग राग काढताना तो परत कोचवरच का निघतो?

आणि ज्यांना वाटतं हे नुसतं नशीब होतं, त्यांनी तो नंतर कुठे गेला ते बघा. पाकिस्तानचा कोच झाला. त्या देशाने विश्वचषक पात्रता फेरीत आजवर एकही मॅच जिंकली नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्लामाबादला कंबोडियाला १-० हरवलं, पहिल्यांदा. कोणाला आवडो न आवडो. पडलेल्या संघाला उभं करणं हा या माणसाचा धंदाच आहे. नेपाळ, मलावी, सुदान, रवांडा, सगळीकडे हेच करत फिरला. त्याच्याकडून बार्सिलोना मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि जुन्या काळातले कोच रहीमसाहेब, त्यांच्याशी तुलना तर करूच नका. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला आणि १९६२ ला जकार्त्याच्या आशियाई खेळांत सोनं आणणारा त्यांचा संघ वेगळा होता, देशही वेगळा होता.

आज दुपारी काकांना फोन केला. ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "तो लिहिणारा किती वर्षांचा आहे?" म्हटलं, असेल पंचवीस. "मग त्याला १७३ वालं काय माहीत. सांग त्याला नीट, भांडू नकोस." म्हणून जरा थंड होऊन लिहिते आहे शेवटचं.

दादा, तू चिडलायस ते सिंगापूरमुळे आणि बांगलादेशमुळे. मीही चिडले आहे. पण ऑगस्ट २०२५ पासून खालिद जमील कोच म्हणून तिथे उभा आहे. ज्याने २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग, तेव्हाची देशातली मोठी क्लब स्पर्धा, जिंकून दिली, आपल्या मुंबईच्या मैदानांत ज्याचं आयुष्य गेलं. आणि ग्रुपवर "हाकला" सुरू झालंय. गुआमनंतर कॉन्स्टंटाइनला हाकललं असतं तर किर्गिझस्तान नसतं, थायलंड नसतं. खालिदला दोन वर्षं तरी द्या. मुलं त्याला निवडू दे, क्लबांनी शिबिरासाठी वेळेवर सोडू दे. हरला तर मी स्वतः त्याच्यावरही लिहीन, एवढीच मोठी पोस्ट.

आणि मुंबईत पुढची मॅच कधी लागली तर मी काकांना घेऊन जाणार आहे. गुडघ्यामुळे त्यांना वरच्या पायऱ्या जमत नाहीत, म्हणून खालच्या रांगेत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली सांगा, तिकिटं एकत्र काढू. सकाळच्या मेसेजवाल्यानेही यायचंय. त्याला काकांच्या शेजारी बसवते.