मेंटेनन्स न भरता सुखात कसं राहावं

लिफ्ट अकरा दिवस बंद आहे. दाराला सुतळीनं पुठ्ठा बांधलाय आणि त्यावर खडूनं लिहिलंय, 'बंद'. या मंगल प्रसंगी, मेंटेनन्स चुकवण्याची कला ज्या बेळगावकर फ्लॅटधारकांना अजून साधली नाही, त्यांच्यासाठी चार सूचना.

बिल वाचू नका. वाचलंत तर वॉचमन, झाडलोट, जिन्याच्या नि पंपाच्या मीटरचं हेस्कॉमचं वीजबिल, टाकी धुणं, लिफ्टचा वार्षिक करार, सिंकिंग फंड (म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) असे सरळ कप्पे दिसतील, आणि भांडण्यातली मजाच जाईल.

'मी तळमजल्यावर, लिफ्ट वापरत न्हाई' हे वाक्य पाठ असू द्या. १९७२ चा कर्नाटकाचा अपार्टमेंट ओनरशिप कायदा सांगतो की सामाईक सोय वापरत नाही म्हणून वाटा सुटत नाही, आणि वाटा ठरतो डिक्लेरेशन डीडमधल्या, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा हिस्सा लिहिलेल्या दस्तातल्या, टक्क्यानं. शिवाय थकबाकीचा बोजा फ्लॅटवरच चढतो. म्हणून ते डीड कपाटात लग्नपत्रिकांच्या खालीच ठेवा.

सेक्रेटरी दारात आला तर म्हणा, "देऊलालोय की, कुठं पळून जाऊलालोय काय?"

नोटीस कन्नडमध्ये लागली तर भाषेवरून भांडा. मराठीत लागली तर वाचू नका.

मीटिंगला जाऊ नका, ठरावाला विरोध मात्र रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर करा.

सिंकिंग फंड तर मुळीच भरू नका. २४ फ्लॅट, रंगकामाला धरा ८ लाख, मुदत पाच वर्षं: दर महिन्याला फ्लॅटमागे साधारण ५५६ रुपये. त्यापेक्षा पाचव्या वर्षी एकदम ३३,३३३ मागितले की 'एवढे कुठून आणू?' असं ओरडायला मिळतं. तोवर गच्चीतून पाणी झिरपत राहील, पण ते वरच्या मजल्यावाल्याचं दुखणं. तुम्ही खालचे.

आता लिफ्टचा करार. दोन प्रकार असतात. साध्या करारात मेकॅनिक येऊन तपासणी नि तेलपाणी करतो, सुटा भाग बदलला की वेगळं बिल. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये बहुतेक भाग आत येतात, पण बॅटरी, केबिनचा पंखा, पाण्यानं झालेलं नुकसान ही कलमं बरेचदा बाहेर ठेवलेली असतात. आपण अर्थातच साधा घ्यायचा, कारण स्वस्त. मग वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणाऱ्या यंत्राच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मरतात. त्या बदलायला पैसे नाहीत, कारण नऊ जणांनी दिले नाहीत. जिन्याच्या खिडकीची काच फुटलेली, तीही बदलायला पैसे नाहीत, म्हणून तिथून आडवा पाऊस लिफ्टच्या दारावर. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं, तळाचे स्विच गंजले. बेळगावात पाऊस पडतो हे काय यंदा कळलं? पंपाचंही तेच. जमिनीखालच्या टाकीतलं (संपमधलं) पाणी संपल्यावर मोटर बंद करणारा लेव्हल कंट्रोलर नको म्हणालात, कोरडी पळून कॉइल जळाली, आता रिवाइंडिंगचं बिल कोण भरणार, तर जे नेहमी भरतात तेच!

आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरून, प्रत्येक पायरीवर थांबत खाली येतायत. त्यांनी त्यांचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला दिलेत.

पुरे झाला उपरोध. शंका असेल तर विचारा, तो हक्क आहे. 'इतर खर्च' असा रकाना दिसला तर व्हाउचर मागा. बिलात जीएसटी लावला असेल तर आधी दोन आकडे बघा: सभासदामागे महिन्याचा आकार ७,५०० रुपयांच्या वर आणि असोसिएशनची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर, दोन्ही असल्याशिवाय तो १८ टक्के लागत नाही. लागत असेल तर असोसिएशनचा जीएसटी क्रमांक बिलावर हवा. लिफ्टच्या करारात कुठले भाग बाहेर आहेत त्याची यादी सही करण्याआधी वाचा. सामाईक मीटरचं बिल महिन्यात अचानक दीडपट झालं तर कुणाची वायर त्यावर जोडलीय का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पण हे सगळं भरून विचारायचं. गाडीला नवीन सीट कव्हर घालता, खाली उभ्या त्या गाडीची राखण करणाऱ्या वॉचमनचा पगार मात्र तीन महिने लटकतो, लाज वाटत नाही? नऊ जणांची थकबाकी खाली बोर्डावर लावलीय, फ्लॅट नंबरासकट. दोन्ही भाषांत.