८० टक्क्यांचा सल्ला आणि लोडशेडिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बरीचशी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'बॅटरी जास्त टिकावी म्हणून लॅपटॉपचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा' असं मी लिहिलं होतं. सरांनी ते चार महिने पाळलं आणि आता त्यांचा चार वर्षांचा लॅपटॉप ३० टक्के दिसत असतानाच धाडकन बंद पडतो. त्यांच्या गावात दिवसाला तीन-तीन तास वीज जाते, त्यामुळे असले सल्ले पुण्यात बसून लिहिणाऱ्यांनाच शोभतात, असं ते म्हणतात. त्यांच्या साडूंचा लॅपटॉप पाच वर्षं चोवीस तास चार्जरला लावलेला आहे आणि ठणठणीत आहे. शिवाय दुकानदार म्हणतो, महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा.

आधी बंद पडण्याचं बघू. स्क्रीनवरचा टक्का म्हणजे अंदाज असतो. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला, याची नोंद बॅटरीतली एक चिप ठेवते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखंच ते. रोज चार-दोन रुपये इकडेतिकडे होतात आणि बरेच दिवस मेळ घातला नाही, तर वही एक सांगते आणि गल्ला दुसरंच. चिपचा मेळ लागतो तो बॅटरी पूर्ण भरली किंवा जवळजवळ संपली की. माझं ऐकून तुम्ही ती चार महिने अधल्यामधल्या टक्क्यांतच खेळवत ठेवलीत. मेळ घालायची सोय करा, ही ओळ माझ्या लेखात हवी होती. ती नव्हती, चूक माझी.

आता एखाद्या रविवारी ८० ची मर्यादा काढा, १०० पर्यंत चार्ज करा आणि दोनेक तास तसंच राहू द्या. मग चार्जर काढून नेहमीचं काम करत राहा, लॅपटॉप आपणहून झोपेपर्यंत. तासा-दोन तासांनी मधे न थांबवता पुन्हा पूर्ण भरा. वीज टिकण्याचा दिवस बघूनच हे करा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एवढं करूनही तो पुन्हा तिशीतच बसला, तर सेलचं दुखणं आहे. बॅटरीत तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. जोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, दुसऱ्यात कितीही दम असो. तसाच एक सेल ढेपाळला की सगळी बॅटरी बंद होते. मग बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही, आणि त्याला ८० टक्क्यांचा सल्ला जबाबदार नाही.

नक्की काय झालंय ते विंडोजच सांगेल. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' टाइप करा, एक जागा सोडा, पुढे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' लिहा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असताना बॅटरीत किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं) असे दोन आकडे शोधा. पहिला ५०,००० आणि दुसरा ३५,००० असेल, तर बॅटरी ७० टक्के उरली आहे.

आता साडूंचं. बॅटरी भरली की लॅपटॉप चार्जरवरच चालतो, जास्त चार्ज होऊन ती फुटत नाही, इथपर्यंत ते बरोबर आहेत. पण साधा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो आणि त्यात उष्णता मिळाली की आतून लवकर झिजतो. माझा आधीचा लॅपटॉप मी गादीवर ठेवून चार्जरला लावलेला असायचा, खालची हवेची भोकं बंद. दुसऱ्या उन्हाळ्यात टचपॅड दाबला जाईना. उघडून पाहिलं तर खालची बॅटरी फुगली होती. (अशी बॅटरी दिसली तर चार्जिंग बंद करा, टोचू-दाबू नका, दुकानात द्या.) साडूंचा लॅपटॉप थंड खोलीत, टेबलावर असेल. कदाचित त्यात मर्यादा आधीच लावलेलीही असेल.

दुकानदार खोटं बोलत नाही, जुनं बोलतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या सारख्या अर्धवट वापरून भरल्या की त्यांना तेवढंच देण्याची सवय लागायची, म्हणून त्या शून्यावर आणायच्या. आजच्या लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिला दरमहा शून्यावर नेणं म्हणजे उगीच झिजवणं. मेळापुरतं तीन महिन्यांतून एकदा पुरे.

लोडशेडिंगचा मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. शाळेचं काम असेल तेव्हा बेलाशक १०० करा. सकाळी भरून दुपारी वापरली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते १०० टक्के भरून, ४२ अंशांत, तीन आठवडे तशीच ठेवल्यावर. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात लॅपटॉप ठेवू नका. साधारण ५० टक्क्यांवर बंद करून घरी न्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावल्यावर टक्का उलट उतरतो, तो का? चार्जर १८ वॉटचा असेल आणि लॅपटॉप काम करताना त्याहून जास्त खात असेल, तर फरक बॅटरीतूनच जाणार. लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं काहीसं छापलेलं असेल, म्हणजे ६५ वॉट. तेवढ्याच वॉटचा घ्या.

रिपोर्टातले दोन आकडे इथेच टाका, मग बॅटरी बदलायची का ते बोलू.