मूर्ती घासलेलं पाणी औषध नव्हे

विक्रोळीतल्या आमच्या विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. सुरुवात ‘जय भीम, नमो बुद्धाय’. पुढे मजकूर असा: निळ्या औषधी बुद्धाची मूर्ती घरी आणा, रोज चिंच-मिठाने घासा, ते पाणी आजाऱ्याला पाजा. 21 दिवसांत बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात, असं सूत्रातच, म्हणजे बुद्धवचनाच्या ग्रंथातच, लिहिलंय म्हणे.

माझ्या मावशीने हे अकरा दिवस केलं. गोळ्या बंद, पाणी चालू. बाराव्या दिवशी ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा आम्हाला कळलं.

सूत्रात असं लिहिलेलं नाही. औषधी बुद्ध म्हणजे महायान या बौद्ध पंथातले भैषज्यगुरू. त्यांच्या सूत्राच्या संस्कृत पोथ्या 1931 साली गिलगिटला सापडलेल्या साठ्यात मिळाल्या. चिनी भिक्खू ह्युएन त्संगने ते 650 साली चिनीत भाषांतरित केलं होतं. त्यात नऊ अकाली मृत्यू सांगितलेत. पहिलाच बघा: दुखणं साधं, पण वैद्य नाही, औषध नाही, शुश्रूषेला कुणी नाही, आणि माणूस हकनाक जातो. मांत्रिक-ज्योतिष्यांच्या नादी लागून जीव गमावणंही तिथेच येतं. अन्न, औषध किंवा पाण्यावर मंत्र म्हणून ते रुग्णाला द्यावं, असा उल्लेख चिनी पाठात आहे, तो मी लपवत नाही. पण मंत्र औषधावर म्हणायचा, म्हणजे औषध घ्यायचंच आहे ना! गोळ्या सोडा असं त्यात कुठेही नाही.

मूर्तीही तेच सांगते. डाव्या हातात औषधाचं पात्र. उजवा हात गुडघ्यावरून पुढे, चिमटीत फळाची डहाळी. मावशीला ते फळ आंबा वाटायचं. तो हिरडा आहे, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा करतात तोच.

आता ते पाणी. मावशीची मूर्ती तांब्याची, वर सोनेरी मुलामा. चिंचेचं आम्ल आणि मीठ मिळून तांब्यावरचा काळपट थर विरघळवतात, म्हणून तर भांडी लखलखतात. सुटलेलं तांबं त्याच पाण्यात उतरतं. असं पाणी पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. मूर्ती पितळेची असेल तर त्यात थोडं शिसंही असू शकतं. तिच्या पेल्याच्या तळाशी हिरवट कडं बसलं होतं, मी स्वतः घासून काढलं.

‘हाच खरा धम्म’ असंही मेसेज म्हणतो. आपल्या रोजच्या पाली वंदनेत हे औषधी बुद्ध नाहीत; तरी कुणाला त्यांच्यापुढे मेणबत्ती लावावीशी वाटली तर माझी काहीच हरकत नाही. पण विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, जुलाबाने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतलं, आणि म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. मावशीच्या गोळ्या रोज कुणी मोजल्या असत्या तर ती पडली नसती. त्या मोजणाऱ्यांत मीही नव्हते, हे मला टोचतं.

मूर्ती घरी असेल तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, बस्स. मुंबईची हवा खारी आणि दमट, म्हणून पावसाळ्यात खिडकीपासून आणि फोडणीच्या वाफेपासून लांब ठेवा. हिरवी भुकटी दिसली तर घासू नका, जाणकाराला दाखवा. तळाचा पत्रा उचकटू नका. नेपाळी-तिबेटी मूर्तींत बऱ्याचदा मंत्रांच्या सुरळ्या बंद केलेल्या असतात. आणि मुलामा एकदा गेला की घासून परत येत नाही. मावशीच्या मूर्तीच्या नाकावर अकरा दिवसांत लाल तांबं उघडं पडलं, ते तसंच राहणार.