सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क जात नाही

रविवारी सकाळी चुलत आत्याचा फोन आला. "बाळा, तू कोर्टात असतोस म्हणून विचारते. माझं नाव सातबाऱ्यावर लागलंच नाही. त्यात लिहिलंय तीन महिन्यांत लागलं नाही तर हक्क जातो. इथं चौदा वर्षं झाली. मग गुरुवारी सही करून टाकू का?"

'त्यात' म्हणजे भाच्याने पाठवलेल्या मेसेजमध्ये. 'शेतजमिनीच्या 7 शब्दांचे खरे कायदेशीर अर्थ, प्रत्येक शेतकऱ्याने जपून ठेवावेत' हा मजकूर गेले दोन महिने मला निदान तीन ग्रुपवर दिसला होता. मी सोडून दिला होता. तो आत्याच्या फोनवर पोचला आणि हक्कसोडपत्रावर सही करायला निघालेल्या एका बाईने तो खरा मानला, तेव्हा माझी चूक मला कळली. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजमधला पहिला शब्द: "सातबारा म्हणजे मालकीचा एकमेव पुरावा. वडील वारल्यावर 3 महिन्यांत वारस नोंद न केल्यास हक्क संपुष्टात येतो."

दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि दुसरं तर घातक आहे. सातबारा हे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचं एकत्र पत्रक. सातमध्ये जमीन कोणाकडे आणि कोणत्या हक्काने आहे ते लिहिलेलं असतं, बारामध्ये पिकांची नोंद असते. हा महसुली अभिलेख आहे. सारा कोणाकडून घ्यायचा, हे सरकारला कळावं म्हणून ठेवलेला. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यांतून मालकी येते आणि तिचा माग सातबाऱ्यावर उमटतो. आधी हक्क, मग नोंद, हा क्रम आहे.

तीन महिन्यांची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 149 म्हणतं की वारसाने, खरेदीने, वाटणीने किंवा आणखी कशाने ज्याला जमिनीत हक्क मिळाला, त्याने तो 3 महिन्यांच्या आत तोंडी किंवा लेखी तलाठ्याला कळवावा. ज्याला हक्क 'मिळाला' त्याने. म्हणजे कळवण्याआधीच तो मिळालेला आहे, हे कलमच गृहीत धरतं. उशीर झाला तर किरकोळ दंड, बस. वडिलांचा श्वास थांबला त्या क्षणी मुलांमुलींचा वारसा उघडतो. तलाठ्याच्या वहीत शाई पडायची तो वाट बघत नाही.

यावर कोणाला शंका असेल तर सावर्णी विरुद्ध इंदर कौर हा सुप्रीम कोर्टाचा 1996 चा निकाल बघावा. महसूल दप्तरातल्या फेरफाराने, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी निर्माण होत नाही आणि असलेली संपतही नाही, असं कोर्टाने त्यात स्वच्छ सांगितलं. त्यानंतर हीच गोष्ट कोर्टाने किती वेळा सांगितली आहे! वारस नोंदीच्या जवळपास प्रत्येक भांडणात आम्ही वकील हा निकाल पुढे ठेवतो. मेसेज लिहिणाऱ्याने तालुक्याच्या कोणत्याही वकिलाला एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्याच अधिनियमाचं कलम 157 सांगतं की अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबारा-फेरफारातली, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणून सातबारा अगदीच कागदाचा कपटा नाही. पीककर्ज, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला, सगळीकडे आधी सातबाराच बघतात. नाव नसलेल्या वारसाला सिद्ध करायचा भार उचलावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. नाव लावून घेणं शहाणपणाचं आहे, हे खरंच. पण 'नाव लावा, सोयीचं पडेल' आणि 'नाव नाही, हक्क संपला' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आत्या ज्यामुळे रात्रभर झोपली नाही, ते दुसरं वाक्य होतं.

त्याला जोडूनच मेसेजमध्ये आहे: "कूळ म्हणजे जो 12 वर्षे जमीन कसतो तो. त्यानंतर जमीन कायद्याने त्याचीच."

ही दोन वेगळ्या कायद्यांची खिचडी आहे. कूळ हा शब्द 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचा. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो कूळ. जमीनमालकाच्या कुटुंबातला माणूस, मजुरीवर ठेवलेला गडी आणि गहाण घेऊन ताब्यात बसलेला, हे तिघे मानीव (कायद्याने मानलेलं) कूळ ठरत नाहीत, असं कलम 4 म्हणतं. आणि कुळाला मालक केलं ते 12 वर्षं मोजून नव्हे. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरवून त्या दिवशी कसत असलेल्या कुळांनी जमीन विकत घेतली असं कायद्याने मानलं. आमच्याकडच्या किती घरांची चूल त्या तारखेमुळे पेटली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. तो शब्द असा वापरलेला मला बघवत नाही.

बारा वर्षं आली ती 1963 च्या मुदत कायद्यातून. खऱ्या मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याचा हक्क नाकारून, उघडपणे आणि अखंड 12 वर्षं ताबा ठेवला तर मालकाचा ताबा मागण्याचा दावा मुदतबाह्य होतो, हे आहे. पण सहहिस्सेदारांत एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. "तुझा यात काही हक्क नाही" असं बहिणीला बजावून तिला बाहेर काढल्याशिवाय भावाची बारा वर्षं सुरूच होत नाहीत. आत्याला तर दर दिवाळीला ज्वारीचं पोतं पोचतं होत होतं. भाऊ वाटा पोचवत होते, हक्क नाकारत नव्हते.

"हक्कसोड: 2005 च्या आधी लग्न झालेल्या बहिणीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही, तिने सही करून देणे बंधनकारक." लग्न कधी झालं याचा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीशी काही संबंध नाही. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी, आहे, 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याचीही गरज नाही. आत्याचे वडील तर 2011 साली गेले. आणि जरा डोकं चालवा: हक्कच नसेल तर सोडायला सही कशाला हवी? हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं आणि ते स्वखुशीचं असतं. बंधनकारक हक्कसोड अशी चीज कायद्यात नाही. बहिणीने मनापासून सोडला तर तो तिचा प्रश्न. घाबरवून सोडायला लावणं वेगळं.

"तुकडा: 20 गुंठ्यांच्या आतली जमीन वारसाच्या नावे होत नाही." यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र ठरतं, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते किमान क्षेत्र. 2023 साली बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं. आत्याच्या वडिलांची जमीन 2 एकर, म्हणजे 80 गुंठे, जिरायत. चार भाऊ, एक बहीण, आई आधीच गेलेली. प्रत्येकी 16 गुंठे. त्यामुळे बांध घालून पाच तुकडे पाडता येणार नाहीत, हे बरोबर. पण कायदा जमिनीचे तुकडे अडवतो, वारसाचं नाव अडवत नाही. पाचही नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागतात. पुढे वाटणी झालीच, तर तुकडा पडेल अशा हिश्शाऐवजी पैशाने भरपाई देण्याची सोय त्याच कायद्यात, कलम 8अअ मध्ये आहे. म्हणजे आत्याला वेगळं शेत कदाचित मिळणार नाही, पण पाचवा हिस्सा तिचाच.

उरलेले तीन शब्द थोडक्यात उरकतो. भोगवटादार वर्ग 2 हा सातबाऱ्यावरचा जमीनधारणेचा एक प्रकार, ती 'सरकारी जमीन' नव्हे. ती कायम धारण करता येते, वारसांकडे जाते, फक्त विकायला किंवा हस्तांतर करायला निर्बंध असतात. शर्त मोडली तर सरकार कारवाई करू शकतं, एवढ्यापुरती भीती रास्त. पोटखराबा, म्हणजे शेतातला पिकाखाली नसलेला भाग, 'सरकारजमा' होत नाही. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, तो खातेदाराच्याच क्षेत्रात राहतो. रस्ता, नाला, सार्वजनिक पाणवठा असा वर्ग ब वेगळा. आणि अल्पभूधारक म्हणजे 2 हेक्टरपर्यंतचा शेतकरी, सुमारे 5 एकर, हे मेसेजमध्ये बरोबर आहे. 1 हेक्टरच्या आतल्याला सीमांत म्हणतात हे त्यांनी गाळलं, पण ते चालेल. ही वर्गवारी योजनांसाठी आहे, तिने कोणाची मालकी ठरत नाही.

आत्या गुरुवारी गेली नाही. 2011 च्या वारस फेरफारात फक्त चार भावांची नावं कशी लागली, हे आधी बघायचं आहे. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात बहीण दाखवलीच नसेल तर त्या फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करू. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज सोबत जोडू. तेवढ्याने भागलं नाही तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आहे, मृत्यू दाखला ग्रामपंचायतीत मिळेल. फेरफाराचा नंबर मात्र तिच्याकडे नव्हता. काल संध्याकाळी तिने पत्र्याच्या पेटीतून 2013 सालची सातबाऱ्याची प्रत शोधून काढली आणि फोटो पाठवला. भावांच्या नावांपुढे वर्तुळात नंबर आहे, घडीवर थोडा पुसलाय, पण वाचता येतो.