पोरगा नापास झालाय? त्याला कळू देऊ नका

निकाल लागला आणि इंजिनिअरिंगचा एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, परत गेला, तिसऱ्यांदा. आधी एक करा, घरात ‘नापास’ हा शब्द बंद. ‘विषय राहिला’ म्हणायचं. ऐकायला कसं बरं वाटतं बघा, जणू छत्री बसमध्ये राहिली. राहते हो कधी कधी, त्यात कोणाचा दोष?

पण दोषी तर पाहिजेच, आणि तो शोधायचं काम मुलगा उठायच्या आत म्हणजे दुपारी साडेबारापर्यंत उरका, नाहीतर तो बिचारा चुकून स्वतःकडेच बघायचा. सर शिकवत नाहीत, पेपर सिलॅबसच्या बाहेरचा होता, तपासणाऱ्याचं घरी भांडण झालं असणार. अगदीच कोणी नाही सापडलं तर लाप्लास आहे ना, ज्याचे ट्रान्सफॉर्म या पोरांच्या मानगुटीवर बसलेत. फ्रेंच गणिती, 1827 सालीच गेला, काहीही ढकला त्याच्यावर, खुलासा करायला येत नाही. पत्रिकासुद्धा दाखवून घ्या. साडेसातीत साडेसातच वर्षं मिळतात, राहूची महादशा मात्र 18 वर्षांची असते, त्यामुळे गुरुजींनी चॉइस दिला तर डोळे झाकून राहू घ्या, मुलगा चाळिशीला टेकेपर्यंत बघायला नको.

मग पेपरची फोटोकॉपी मागवा. आम्ही मागवली होती, अनुभवाने सांगतोय. 40 ला पास, आमच्याला 14, म्हणजे फक्त 26 मार्कांनी गेला. पहिल्या पानावर वर कोपऱ्यात बारीक ‘श्री’, खाली प्रश्नातली माहिती सुंदर अक्षरात जशीच्या तशी उतरवलेली, मग एक लांब बाण, आणि बाणाच्या टोकाला थेट उत्तर, तेही खोडलेलं. पुढची सहा पानं कोरी, त्यावर लाल पेनाची तिरकी रेघ. ही म्हणाली, बघा बघा कशी रागाने मारलीय रेघ, द्वेष आहे नुसता. टाकलं रीव्हॅलला, म्हणजे फेरतपासणीला. ‘नो चेंज’ आलं. (ते तर चिरंजीवांकडे बघून आम्हीही सांगितलं असतं, पण पैसे भरल्याशिवाय मनाला पटत नाही.)

केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा, फॉर्म कोण भरणार? तुम्ही! सरकार त्याला 18 व्या वर्षी मतदान करू देतं, 21 ला लग्न करू देतं, पण हॉलतिकिटाची प्रिंट काढणं ही फार मोठी जबाबदारी आहे, आत्ताच नको. तारीख त्याच्या लक्षात राहिली नाही तर लेट फी गुपचूप भरा आणि भरलीय हे सांगूसुद्धा नका, उगाच मनाला लागायचं. लग्नकार्यात कोणी विचारलंच तर ‘हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही’ हे अभिमानाने म्हणायचं आणि तो मागेच उभा असेल तर जरा मोठ्याने.

एकच धोका सांभाळा. एखाद्या रात्री तो किचनमध्ये येऊन ओट्याला टेकून म्हणेल, “बाबा, माझंच चुकलं, मी पुस्तक उघडलंच नव्हतं.” घाबरायचं नाही. लगेच कपाळाला हात लावून ताप बघा, खायला घाला, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत “असं नाही म्हणायचं राजा” म्हणून मोकळे व्हा.

आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना हे जमलं नाही. पोरगा असंच बोलला आणि बाप नुसता “बरं, मग आता काय करणार आहेस?” म्हणून गप्प बसला, काय दगड माणूस आहे! फॉर्म त्यालाच भरायला लावला, लेट फीसाठी पोरगा दोन महिने संध्याकाळी क्लासमध्ये आठवीच्या पोरांना गणित शिकवत होता. पुढच्या वेळी 31, त्याच्या पुढच्या वेळी 47. आता चाकणला नोकरीला आहे, शिफ्टला जाताना डबासुद्धा स्वतःच भरून घेतो. आई बिचारी सकाळी सात वाजता रिकाम्या हाताने गॅलरीत उभी असते, बघवत नाही हो.