टॅपेट कव्हर चमकलं नाही, एक तारा दिला: दुकानाकडून उत्तर

नमस्कार मालक,

आधी एक काम करा. गाडी आज सुरू करू नका. का ते खाली सांगतो. तुमची तक्रारही तिथेच येते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांना कळेल: आमच्या मंगळवार पेठेतल्या दुकानातून 1,650 रुपयांचं पॉलिशचं सामान नेलं. गाडीचं अॅल्युमिनियमचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, खोलून दोन रविवार गच्चीवर घासलं. काउंटरवरच्या नमुन्यासारखी चमक आली नाही, तिरपं बघितलं की रेघा दिसतात. पॉलिशची वडी डुप्लिकेट आहे, लावली की काळं होतं. तीन आठवड्यांत पांढरे डाग पडले. आणि फोन केला तर दुकानातलं पोरगं हसलं.

हसण्याबद्दल माफी मागतो, त्यात दुसरं काही बोलायला जागा नाही. त्याला मी विचारलं. म्हणाला, "मालक, मी म्हटलं मेहनत लागते." मेहनत लागते हे खरंच, पण ते हसत सांगायचं नसतं. विशेषतः ज्याचे दोन रविवार गेलेत त्याला.

आता रेघा. मी तुमचं बिल काढून बघितलं. 120, 400 आणि 1000 असे तीनच नंबरचे पेपर दिलेत, चार-चार शीट. मधले 220, 320, 600, 800 त्या दिवशी संपले होते आणि पोरानं "चालतंय की" म्हणून तेवढंच बांधून दिलं. चालत नाही. पेपरवरचा आकडा वाढत जातो तसा कण बारीक होत जातो. 120 चा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडा मोठा, 400 चा साधारण 35 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 1000 चा 18 च्या आसपास. 120 नं पाडलेली चरी 400 नं घासून काढायची म्हणजे विहीर वाटीनं उपसायची. तुम्ही घासलंत, वरचं वरचं गुळगुळीत झालं, चरीचा तळ तसाच राहिला. मग बफ, म्हणजे पॉलिशची कापडी चकती, फिरवला की त्या चरीच्या कडा गोल होतात आणि उन्हात आणखी उठून दिसतात. ही चूक आमची, तुमच्या हाताची नाही. बारा शीटचे 240 रुपये परत.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून पेपर नीट गेले असते तरी तुम्हाला लागलीच असती, आणि ती कुणी सांगितली नाही. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. 220 आडवा मारला तर 320 उभा. आडवी रेघ एकही दिसेनाशी झाली की मगच पुढचा नंबर. दिवसा उजेडात कळत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च कव्हरला जवळजवळ टेकवून आडवी धरा, एकेक रेघ उभी राहते. माझे वडील तेवढंही करत नसत. त्यांचं गिऱ्हाईक सगळं कापड विणणारे मागवाले, मागावर सूत नेणाऱ्या धोट्याच्या टोकाला बारीकसा ओरखडा असला तरी सूत अडकून तुटायचं. ते कापसाचा पुंजका त्यावरून हळूच फिरवायचे. एक तंतू जरी मागे राहिला तरी धोटा परत घासायला. तुम्हीही 600 नंतर तसं करून बघा. पेपर पाण्यात, दोन थेंब साबण घालून वापरायचा. अॅल्युमिनियम मऊ, कोरडा घासला तर पेपर लगेच भरतो आणि भरलेला पेपर घासत नाही, ओरबाडतो.

नमुन्याबद्दल. काउंटरवरचा तो तुकडा आमच्याकडच्या कारागिरानं मोठ्या मोटरवर, 10 इंची कापडी बफवर काढलाय. तुम्हाला दिला 3 इंची, ड्रिलला लावायचा. दोन्हीचे फेरे मिनिटाला 2,800 धरले तरी कडेचा वेग व्यासावर ठरतो, म्हणजे आमचा बफ तुमच्या बफच्या तिपटीहून वेगानं धातूवरून जातो. त्यात ड्रिल जरा दाबलं की मंदावतं. घरी चांगली चमक येते, आरसा मात्र फार क्वचित. तो नमुना तिथे ठेवायचा तर शेजारी घरी ड्रिलनं केलेला तुकडाही ठेवायला हवा होता. कालपासून ठेवलाय. दिसायला तितका छान नाही, पण खरा आहे.

वडी डुप्लिकेट नाही. इथे मी मागे हटणार नाही. अॅल्युमिनियमवर कुठलीही वडी लावा, काळंच होतं. तो काळपट लगदा म्हणजे वडीतली चरबी आणि तुमच्याच कव्हरमधून निघालेली धातूची पूड. काळं निघतंय म्हणजे काम होतंय. तपकिरी वडीनं आधी कापायचं, मग दुसऱ्या, स्वच्छ बफवर पांढरी. एकाच बफवर दोन्ही लावल्या तर पांढरीचा उपयोग शून्य, आणि तुम्हाला बफ एकच दिलाय, म्हणजे तेही आमच्याच अंगावर आलं. शेवटी उरलेला चिकट थर पुसायला मक्याचं कोरडं पीठ चोळायचं आणि मऊ सुती कापडानं झटकायचं. घरच्यांना विचारून घ्या पीठ, एवढंच.

पांढऱ्या डागांचं: तुम्ही लिहिलंय की कव्हर "सोड्याच्या पाण्यानं" धुतलं. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला खातो, कॉस्टिक तर विचारूच नका. वर आपल्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही म्हणून बोअरचं पाणी. गरम इंजिनवर ते उडालं की सुकून क्षाराचं कडं उमटतं. नंगं अॅल्युमिनियम कायमचं चमकत राहत नाही, हे आम्ही विकताना सांगायला पाहिजे. सौम्य साबण, लगेच कोरडं करणं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मेटल पॉलिशचा हात. वरून साधं लॅकर मारू नका, गुळगुळीत पृष्ठावर धरत नाही आणि उष्णतेनं पिवळं पडतं.

ग्राइंडरबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की कव्हर ज्या ग्राइंडरवर धरलं त्याच्यावरच आधी लोखंडी ब्रॅकेट घासली. पुन्हा करू नका. अॅल्युमिनियमची बारीक पूड पेटते, आणि त्यात लोखंडाच्या ठिणग्या म्हणजे गच्चीवर दिवाळी.

आणि आता ज्यासाठी गाडी बंद ठेवायला सांगितलं ते. तुमच्या तिसऱ्या फोटोत कव्हर इंजिनवर परत बसलेलं आहे, आणि तुम्ही लिहिलंय, "डिझेलच्या फडक्यानं पुसून लगेच बसवलं." चमकेचं, ताऱ्याचं राहू द्या, मला ते वाक्य वाचून झोप लागली नाही. बऱ्याच कव्हरांच्या आतल्या बाजूला एक पत्रा असतो, ऑइलचे शिंतोडे ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत, जाऊ नयेत म्हणून. त्या पत्र्यामागे पेपरचे कण आणि पूड जाऊन बसते. फडकं तिथे पोचत नाही. इंजिन तापलं की ऑइल ते धुऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, नेतं. फिल्टर आहे की, असं वाटेल. पण ऑइल आधी जाळीतून पंपात जातं आणि मग फिल्टरकडे, म्हणजे पंप तर न गाळलेलंच ओढतो. आणि ऑइल थंड, घट्ट असताना फिल्टरला वळसा देणारी बायपास झडप उघडली तर पुढेही न गाळलेलंच. काळ्या पेपरचा कण क्रॅन्कच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, पोलादाहून कठीण, आणि बेअरिंगमधली फट 0.05 मिलिमीटरच्या आसपास. जनरल मोटर्सनं आपल्या मेकॅनिकांना गॅस्केटच्या (सांध्यातल्या पॅकिंगच्या) जागा घासायच्या चकत्यांबद्दल नेमकं याच कारणासाठी बजावलं होतं: कण ऑइलमध्ये गेले की बेअरिंग जातात.

तीन आठवडे चालवलीत ते आता परत येणार नाही. पण ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्या. काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडावर घेऊन उन्हात बघा, चकचकीत कण दिसले तर मेकॅनिकला चेंबर खोलायला सांगा, तिथे पैसे वाचवू नका. कव्हर काढा, पत्रा स्क्रूचा असेल तर उघडा, रिव्हेटचा असेल तर साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ब्रशनं आणि मग हवेच्या दाबानं साफ करा. गॅस्केट बसते त्या कडेवर पेपर लागला असेल तर तेही दाखवा, नाहीतर ऑइल गळेल.

240 रुपये आणि दुसरा बफ तुमच्या नावानं काढून ठेवलाय. ड्रिलचा बफ आणि वड्या वापरलेल्या आहेत, त्या परत घेणार नाही. कव्हर घेऊन या, राहिलेले चारही नंबर आलेत, दुकानातच बसून एका कोपऱ्यावर 220 पासून करून दाखवतो. बाकीचं कव्हर तुम्हीच घासायचं. तारा बदलायला मी सांगणार नाही.

फक्त येताना गाडी आणू नका. कव्हर पिशवीत घाला आणि रिक्षानं या.