‘ओमव्हाल’मध्ये कोणी राबत का नाही? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘ओमव्हाल’वरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, आभार. तुमचं म्हणणं असं की, १६४५च्या या छापचित्रात नदीकाठचं जगणं आहेच कुठे? नावेतले मजेत चाललेत, पुढे एक टोपीवाला नुसता उभा, राबणारं कोणीच नाही. म्हणजे हे शहरी गिऱ्हाइकांसाठी सजवलेलं गोड खेडं.

राबणारं कोणी नाही, हे कबूल. ‘गोड खेडं’ मात्र मला मुळीच पटत नाही. ओमव्हाल ही ॲमस्टरडॅमच्या वेशीबाहेर, ॲमस्टेल नदीच्या काठची जागा. तिच्यामागचं वाटरग्राफ्समीर हे तळं १६२९ साली उपसून कोरडं केलं होतं. म्हणजे चित्र काढलं तेव्हा तिथली शेतं जेमतेम सोळा वर्षांची! शहर आणि शिवार एकमेकांत घुसू लागलेला हा पट्टा आहे, आणि रेम्ब्रांट या नदीकाठाने हिंडत, रेखाटत असे.

आता डावीकडे बघा. गाठाळ खोडाचं जुनं झाड, त्याला लागून गच्च झाडी, आणि तिच्या अंधारात एक जोडपं. तो तिच्या डोक्यावर फुलांचं कडं ठेवतोय. पहिल्या नजरेत हे दोघे बहुतेकांना दिसतच नाहीत. एचिंगच्या (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरायच्या) जोडीला इथे ड्रायपॉइंट आहे: सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढायचा. ओरखड्याच्या कडेला तांब्याची खरबरीत कड उठते, ती शाई धरते आणि रेघ मखमली काळी उमटते. प्रेसच्या दाबाखाली ही कड लवकर झिजते, म्हणून सुरुवातीच्या प्रतींतला काळोख पुढच्या प्रतींत राहत नाही. उजवीकडे मात्र मोजक्या रेघा आणि बराचसा कोरा कागद. तो कोरा कागदच पाणी, तोच आभाळ. नुसतं सजवायचं असतं तर डावी बाजू कोणी इतकी काळवंडली नसती.

टोपीवाला आपल्याकडे पाठ करून नदीकडे बघतोय. ते दोघे इतक्या जवळ आहेत, त्याला पत्ता नाही. नावेतल्यांनाही नाही. एकाच काठावर प्रत्येकजण आपापल्या नादात. मला तरी नदीकाठचं जगणं यात पुरेपूर दिसतं.

आणि श्रम रेम्ब्रांटला दिसत नव्हते असं नाही. उंदरांचं विष विकत दारोदार फिरणारा त्याने १६३२ मध्ये काढला, पॅनकेक तळणारी म्हातारी १६३५ मध्ये. इथे त्याला वेगळं काही दाखवायचं होतं.

ॲमस्टरडॅमच्या रेइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ‘ओमव्हाल’ मोठं करून बघता येतं. डावीकडच्या झाडीपासून सुरुवात करा आणि तरीही आक्षेप कायम राहिला तर जरूर लिहा.